पाण्याचा ठाव आणि मासे दाखविणारे यंत्र
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ह्या मेळाव्यात आम्ही चार शब्द बोलावेत अशी मंडळाच्या चिटणीसांनी आज्ञा केली, तेव्हा विषय कोणता घ्यावा हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला. शिक्षण, हुंडा, व्यसने, लग्नकार्यातील उधळपट्टी हे विषय ह्या व्यासपीठावर वारंवार येतात आणि ते यावेतही. परंतु गेल्या दोनतीन वर्षांत भीमाकाठी ज्या ज्या आप्तांकडे जाण्याचा योग आला, त्या त्या घरी तरुण मंडळींनी आम्हांस एकच प्रश्न विचारला, "गुरुजी, मासे दाखविणारे यंत्र घ्यावे काय? आणि घ्यावे तर कोणते?" जो प्रश्न घराघरांत विचारला जातो आणि ज्यापायी घराघरांत कर्ज काढण्याची भाषा होते, तो प्रश्न ज्ञातीच्या मेळाव्यात बोलण्यास क्षुद्र मानू नये, असे आम्हांस वाटते.

आपण भोई. एके काळी खांद्यावर पालखी आणि हाती जाळे ही आपली ओळख होती. पालखीमेणे काळाच्या ओघात गेले, जाळे मात्र राहिले. नदीचे धरण झाले, डोहाचा जलाशय झाला, सुताच्या जाळ्याच्या जागी नायलॉन आले आणि वल्ह्याच्या जोडीस कोठे कोठे यंत्रही आले. ह्या बदलांपैकी एकालाही आपल्या वडिलांनी पाठ दाखविली नाही. म्हणून नवे यंत्र घ्यावयाचे की नाही हा खरा वाद नाही. ते कशासाठी घ्यावयाचे आणि किती पैशांत घ्यावयाचे, एवढाच विचार करावयाचा आहे.

ह्या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार कोणता, असे कोणी विचारील. आम्ही सारा जन्म एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकविले. त्याहून मोठा अधिकार म्हणजे आम्ही ह्या बाबतीत एकदा ठेच खाल्ली आहे, आणि ती ठेच केवळ आम्हांस न लागता आमच्या घरास लागली. ती हकीकत आधी सांगतो, म्हणजे पुढील उपदेश कोरडा वाटणार नाही.

आमचे थोरले बंधू, ज्यांस सारे गाव अण्णा म्हणते, आणि त्यांचा मुलगा उजनीच्या पाण्यात मासेमारी करतात. चार वर्षांपूर्वी पुतण्याने ह्या यंत्राचा विषय काढला. अण्णा म्हणाले, "मासा पडद्यावर बघून धरायचा असता तर आपल्या आज्याने डोळे मिटून जाळं टाकलं नसतं." आम्ही मात्र विज्ञानाचे अभिमानी! आम्ही पुतण्याची बाजू घेतली, त्यास घेऊन शहरातील एका दुकानात गेलो, आणि तेथे नऊ इंचांच्या पडद्यावर निळ्या पाण्यातून सळसळत जाणारे मासे पाहून थक्क झालो. बेचाळीस हजार रुपयांस ते यंत्र घेतले. त्यांतील बहुतेक रक्कम कर्जाऊ काढली आणि उरलेल्या भरतीसाठी सूनबाईंनी कानांतील फुले गहाण ठेवली. आम्ही ते पाहिले आणि तरीही गप्प राहिलो, हे आज ह्या सभेत कबूल करणे आम्हांस अवघड जाते.

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. दुकानात जे मासे पडद्यावर पोहत होते, ते त्या वेळी कोणत्याही पाण्यात नव्हतेच. यंत्रात आधीच भरून ठेवलेले ते नमुन्याचे चित्र होते. हे आम्हांस मागाहून कळले. एवढा मोठा पडदा आमची लहान बॅटरी सकाळी नऊच्या आत संपवून टाकी. उन्हात पडद्यावर स्वतःच्या तोंडाखेरीज दुसरे काही दिसेना. जेथे यंत्राने माशांची चित्रे ओळीने मांडली, तेथे पुतण्याने मोठ्या उत्साहाने जाळी लावली. ते मासे नव्हते. धरण भरल्यावर पाण्याखाली गेलेल्या बाभळींच्या फांद्या होत्या. दोन जाळी तेथेच राहिली. यंत्र कोनाड्यात जाऊन बसले, हप्ते मात्र दीड वर्ष चालू राहिले. ती फुले सुटली तेव्हा आमच्या पेन्शनीतून सुटली. ज्याने सल्ला दिला त्यानेच ती सोडवावी, हेच न्यायाचे होते.

ह्यानंतर शहाण्याने यंत्राचे नावच टाकले असते. पण आम्ही शिक्षक. चूक कोठे झाली ते शोधल्याखेरीज आम्हांस चैन पडेना. शोधता शोधता ध्यानात आले की दोष यंत्राचा थोडा आणि आमच्या अपेक्षेचा फार होता. ते यंत्र काय जाणते आणि काय जाणत नाही, हेच आम्ही विचारले नव्हते.

आता यंत्राचे कार्य पाहू. डोंगरात हाक मारली असता समोरच्या कड्यावरून ती परत येते. कडा दूर असेल तर उशिरा येते आणि जवळ असेल तर लवकर. हे यंत्र पाण्यात तेच करते. होडीखाली जो लहानसा ठोकळा असतो, ज्यास ट्रान्सड्यूसर म्हणतात, तो त्या यंत्राचे तोंडही आहे आणि कानही आहे. तो आपल्या कानांस ऐकू न येणारा सूक्ष्म नाद खाली सोडतो आणि परत आलेला प्रतिध्वनी ऐकतो. हवेत ध्वनी सेकंदास सुमारे ३४० मीटर जातो, तर गोड्या पाण्यात सुमारे १४८० मीटर जातो. तळ १५ मीटरांवर असेल तर नादास जाऊन येऊन ३० मीटर अंतर पडते, आणि त्यास सेकंदाचा सुमारे पन्नासावा भाग लागतो. एवढा सूक्ष्म काळ मोजून यंत्र खोली सांगते. माशाच्या पोटात जी हवेची पिशवी असते, तिच्यावरून नाद चांगला परततो, म्हणून मासा दिसतो. पाणी गढूळ असले तरी बिघडत नाही, कारण हे पाहणे नसून ऐकणे आहे. मात्र पाण्यात बुडबुडे असतील तर यंत्राचा घोटाळा होतो, कारण हवा कोठेही असली तरी नाद परतविते.

ह्या बुडबुड्यांवरून एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. मासेमारीसाठी असे यंत्र प्रथम व्यवहारात आणले ते जपानात, नागासाकीकडील फुरुनो बंधूंनी, १९४८ साली. होड्यांवर विजेचे दिवे बसविणे हा त्यांचा धंदा होता. एका अनुभवी कोळ्याने त्यांस सांगितले की जेथे बुडबुडे वर येतात, तेथे खाली मासळी असते. त्या एका वाक्यावरून त्यांनी विचार चालविला आणि खोली मोजण्याच्या जुन्या यंत्रावर प्रयोग करीत मत्स्यशोधक यंत्र सिद्ध केले. म्हणजे ह्या विद्येचा उगम प्रयोगशाळेत झाला नाही, तो एका मासे धरणाऱ्याच्या निरीक्षणात झाला. आम्ही ही हकीकत अण्णांस सांगितली, तेव्हा ते हसून म्हणाले, "बुडबुडे तर मी लहानपणापासून बघतोय. मला कोणी विचारलं नाही."

आता यंत्र काय दाखवीत नाही ते ध्यानात घ्यावे, कारण पैसे वाचतात ते येथेच.

पहिली गोष्ट अशी की यंत्राचा नाद शंकूसारखा खाली पसरतो. २०० किलोहर्ट्झचा जो नेहमीचा नाद, त्याचा शंकू सुमारे २० अंशांचा असतो. त्याने ९ मीटर पाण्यात तळावर जेमतेम सव्वातीन मीटर रुंदीचे वर्तुळ दिसते, आणि ३ मीटर पाण्यात फक्त एक मीटरचे. ८० किलोहर्ट्झच्या आसपासचा नाद अधिक पसरतो. ६० अंशांचा शंकू धरला तर ९ मीटरांवर सुमारे साडेदहा मीटर रुंदी दिसते, पण मग दिसलेला मासा होडीच्या बरोबर खाली आहे की पाच मीटर बाजूस, हे कळत नाही. म्हणजे सारा जलाशय यंत्रास दिसतो ही समजूत खोटी आहे. काळोख्या अंगणात कंदिलाचा जेवढा उजेड पडतो, तेवढेच त्याचे राज्य!

दुसरी गोष्ट माशांच्या स्वभावाची, आणि ती आपणांस पुस्तकावाचून ठाऊक आहे. कटला वरच्या थरात चरतो, राहू मधल्या थरात, मृगळ तळाशी. वरच्या थरातला कटला होडीच्या चाहुलीने बाजूस होतो आणि त्या जागी शंकू इतका अरुंद असतो की तो सापडत नाही. तळास चिकटलेला मृगळ तळाच्याच रेघेत मिसळून जातो. चिलापी उथळ काठास घरटी करते, आणि मरळ शेवाळात नि पाणवनस्पतींत राहून वर येऊन हवा घेतो. ह्या दोघांसाठी यंत्र घेणे म्हणजे अंगणातले शोधण्यासाठी दुर्बीण विकत आणणे होय. ज्याची सारी मिळकत काठावरच्या चिलापीवर आहे, त्याने आजच्या व्याख्यानातून एवढेच घेऊन जावे की त्यास ह्या यंत्राची गरज नाही.

तिसरी गोष्ट अशी की पडद्यावरचे चित्र म्हणजे पाण्याचा छेद नव्हे, तो काळाचा आलेख आहे. उजव्या कडेस जे उमटते तेवढेच आताचे. डावीकडे सरकलेले सारे मघाचे. होडी उभी असेल आणि एकच मासा खाली स्थिर असेल, तर त्याची लांबच लांब रेघ उमटते आणि अजाण माणूस म्हणतो, "केवढा मोठा मासा!" तसेच यंत्र माशाची जात सांगत नाही. माशाच्या आकाराची जी छोटी चित्रे पडद्यावर येतात, ती यंत्राची अटकळ असते. फांदी, शेवाळ, बुडबुडा, सर्वांस ते मासाच समजते. आमची दोन जाळी ह्याच अटकळीस बळी पडली. यंत्र घेतल्यावर पहिले काम म्हणजे ती चित्रे बंद करणे आणि मूळ प्रतिध्वनीच्या रेघा वाचावयास शिकणे.

मग यंत्राचा उपयोग तरी कोणता? ह्याचे उत्तर एका शब्दात देतो: ठाव. हे यंत्र माशापेक्षा तळ शतपट चांगला दाखविते. तळ कोठे उतरतो, जुने नदीपात्र कोठून जाते, खडक कोठे, गाळ कोठे, झाड कोठे, हे ते निश्चित सांगते. कठीण तळाची रेघ जाड उमटते, आणि उथळ पाण्यात तिच्या दुप्पट खोलीवर तिची दुसरी फिकट रेघही येते. मऊ गाळाची रेघ बारीक असते. ज्यास तळ कळला त्यास मासा कोठे थांबेल हे आपोआप कळते, आणि मुख्य म्हणजे जाळे कोठे टाकू नये हे कळते. आपल्या धंद्यात सापडलेल्या माशाइतकेच न फाटलेले जाळेही मिळकतच आहे.

हे एकदा मनाशी पक्के केले म्हणजे निवड सोपी होते. मासे पाहण्यासाठी घ्यावयाचे तर मोठा पडदा, रंगीत चित्रे, बाजूचे दर्शन, सारे हवेसे वाटते. ठाव घेण्यासाठी घ्यावयाचे तर चार गोष्टी पुरतात.

बाजारात लहान होडीजोगी तीन प्रकारची यंत्रे दिसतात. हातात मावणारे अगदी स्वस्त यंत्र केवळ खोलीचा आकडा आणि माशांची बाहुली दाखविते. दुसरे चेंडूसारखे पाण्यात सोडावयाचे. ते आपले चित्र बिनतारी मार्गाने मोबाइल फोनवर धाडते. काठावरून गळ टाकणाऱ्यास किंवा थर्माकोलच्या तराफ्यावर बसणाऱ्यास ते सोयीचे आहे, परंतु ओल्या हातांत फोन सांभाळणे आणि फोन व चेंडू दोन्ही भारित ठेवणे, हा त्याचा जाच आहे. तिसरे म्हणजे चारपाच इंचांच्या पडद्याचे, होडीस बांधावयाचे आणि उपग्रहाच्या साहाय्याने जागेची खूण करून ठेवणारे, ज्यास जीपीएस म्हणतात. आमच्या मते आपल्या जातीच्या होडीस हेच तिसरे यंत्र योग्य आहे, आणि त्यातही जागेची खूण करण्याची सोय ही पडद्याच्या आकारापेक्षा अधिक मोलाची आहे. चार इंचांचे खुणेचे यंत्र आणि सात इंचांचे बिनखुणेचे यंत्र एकाच किमतीस मिळत असेल, तर डोळे मिटून चार इंचांचे घ्यावे.

पडद्याचे इंच न मोजता त्यावरील उभे ठिपके मोजावेत. १५ मीटर पाणी ३२० ठिपक्यांत दाखविले, तर एका ठिपक्याच्या वाट्यास पाच सेंटिमीटरांहून थोडे कमी पाणी येते. एवढी बारकाई आपल्या कामास भरपूर आहे. पडदा दुकानातील दिव्याखाली न पाहता दुकानाबाहेर दुपारच्या उन्हात नेऊन पाहावा. दुकानदार नेऊ देत नसेल तर दुकान बदलावे. यंत्र दोनशेतीनशे मीटर खोली दाखविते ह्या प्रौढीस भुलू नये, कारण आपल्या जाळ्यांचा वावर पाच ते वीस मीटर पाण्यात. एका नादाऐवजी अनेक नादांची सलग लहर सोडणारी यंत्रे आता स्वस्तातही मिळतात, त्यांस चर्प म्हणतात. त्यांत एकमेकांजवळच्या वस्तू वेगळ्या दिसतात. त्याच किमतीत ती मिळत असतील तर अवश्य घ्यावीत, परंतु त्यासाठी कर्ज वाढवू नये. बाजूचे दर्शन देणारी यंत्रे संथ आणि एकसारख्या वेगाने चालणाऱ्या नौकेसाठी असतात. वल्ह्याच्या धक्क्याधक्क्यांत त्यांचे चित्र मोडते. आणि ट्रान्सड्यूसर किमतीत धरलेला आहे की निराळा घ्यावा लागेल, हे पावती करण्यापूर्वी विचारावे. नंतर विचारणाऱ्यास उत्तर महाग पडते.

यंत्र बसविण्यातही पैसे वाचतात. होडी लाकडी किंवा पत्र्याची असेल तर ट्रान्सड्यूसर आतून चिकटवून चालत नाही; नाद लाकडातून वा पत्र्यातून नीट पार होत नाही. आतून चिकटविणे साधते ते केवळ भरीव फायबरच्या तळास. आपण होडीस भोक पाडण्याच्या भरीस पडू नये. एक सरळ कळकाची काठी घ्यावी, तिच्या टोकास ट्रान्सड्यूसर घट्ट बांधावा, आणि ती होडीच्या बाजूस अशी बांधावी की त्याचे तोंड वीतभर पाण्याखाली राहून बरोबर खाली पाहील. जलपर्णीत शिरताना काठी वर घेता येते, आणि घरी जाताना यंत्र काढून नेता येते. इंजिन असेल तर पंख्यापासून ती दूर ठेवावी. पंख्याचे बुडबुडे यंत्रास आंधळे करतात.

बॅटरीचा हिशेब असा. १२ व्होल्टची ७ अँपिअर-तासांची लहान बंद बॅटरी लहान यंत्रास पुरते. असे यंत्र ताशी साधारण पाव ते अर्धा अँपिअर घेते, आणि ह्या जातीची बॅटरी निम्म्याहून अधिक रिती करू नये. म्हणजे साडेतीन अँपिअर-तास हाती राहतात. त्यांत सात ते चौदा तास काम होते. रात्रीची जाळी लावून पहाटे उचलण्यास ते पुरेसे आहे. बॅटरी झाकणाच्या डब्यात, तळच्या पाण्यापासून उंच ठेवावी, आणि धन तारेवर बॅटरीजवळच यंत्राच्या पुस्तिकेत सांगितलेला फ्यूज घालावा.

आणि ज्यास हे काहीच परवडत नाही, त्याने खंती होऊ नये. अण्णांकडे एक दोरी आहे. तिच्या टोकास शिशाचा गोळा आणि वावा-वावावर गाठ. गोळ्याच्या बुडास ते साबण चोपडतात. खाली गाळ असेल तर गाळ, वाळू असेल तर वाळू त्यास चिकटून वर येते. खोली आणि तळाची जात ह्या दोन्ही गोष्टी त्या दोरीने कळतात, आणि तिला बॅटरी लागत नाही. यंत्र वेळ वाचविते, एवढाच फरक. यंत्रासाठी पैसे साठत नाहीत तोवर दोरी वापरावी. कानांतली फुले कानांतच राहू द्यावीत.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या पाण्यात कुगाव आणि कळाशी ह्यांच्या दरम्यान प्रवाशांची होडी वादळी वाऱ्यात उलटून सहा जण बुडाले. त्या पाण्यावर आपली माणसे दिवसरात्र वावरतात. ज्या होडीत माणशी एक जीवरक्षक जाकीट नाही, त्या होडीत मत्स्यशोधक यंत्र बसविणे हे शहाणपणाचे लक्षण नाही. आधी जाकिटे, मग जाळी, मग यंत्र, हा क्रम कोणी मोडू नये. जो पुत्र यंत्राचा हट्ट धरील, त्यास मातेने प्रथम जाकीट अंगात घालावयास सांगावे.

आता आमच्या घरची राहिलेली हकीकत सांगतो. पहिल्या यंत्राचे हप्ते फिटल्यावर पुतण्याने ते मिळेल त्या किमतीस विकले. आमच्या वाडीतील तिघा होडीवाल्यांनी मिळून एक लहान, चार इंची, खुणेच्या सोयीचे यंत्र घेतले. ते अठरा हजारांच्या आत पडले आणि प्रत्येकाच्या वाट्यास सहा हजारांहून कमी आले. कर्ज कोणी काढले नाही. यंत्र आठवड्यातून दोनदोन दिवस एकेकाच्या होडीवर असते. ठाव एकदा घेतला की तो रोज घ्यावा लागत नाही, म्हणून भागीत काही अडत नाही.

यंत्र प्रथम पाण्यात नेले त्या दिवशी पुतण्याने अण्णांस होडीत बसविले. अण्णांचे वय आज पंचाहत्तरीपुढे आहे. १९८० साली उजनी धरण पुरे झाले आणि आमचे जुने गाव पाण्याखाली गेले, तेव्हा ते ऐन तरुण होते. पळसदेवाचे देऊळ पाणी ओसरले म्हणजे वर येते आणि लोक ते पाहावयास जातात. आमच्या गावाचे तसे वर येणारे काही नाही. होडी संथ चालली होती. तळाची रेघ सपाट जात होती, ती एकाएकी दीड पुरुष वर उठली आणि पुन्हा खाली गेली. पुतण्या म्हणाला, "काका, खडक दिसतोय." आम्हीही मान हलविली. अण्णांनी काठाकडे पाहिले, पलीकडच्या टेकडीकडे पाहिले आणि म्हणाले, "खडक कुठला? ही आपली वेस. जरा डावीकडं घे, पाटलाची विहीर लागेल. तिथं जाळं टाकू नको." होडी डावीकडे घेतली. तळ एकदम खाली गेला आणि वर आला. कोणी काही बोलले नाही. पुतण्याने दोन्ही जागांची खूण केली आणि यंत्रात नावे लिहिली, 'वेस' आणि 'विहीर'.

त्या उन्हाळ्यात अण्णा अकरा वेळा होडीत बसले. चिंच, चावडी, मळ्याचा बांध, जुना ओढा, बाभळीचे बन, अशा चाळीसएक जागा यंत्रात आल्या. ज्या बाभळींनी आमची जाळी खाल्ली, त्यांसही आता नाव आहे. त्या वर्षी तिघांच्या मिळून किती जाळ्यांचा बचाव झाला ह्याचा हिशेब पुतण्याने ठेवला आहे. यंत्राची किंमत दोन हंगामांत वसूल झाली, आणि ती जास्त मासे मिळाल्याने न होता कमी जाळी फाटल्याने झाली.

बंधुभगिनींनो, आमच्या साऱ्या बोलण्याचे सार ह्यात आहे. यंत्र उंचवटा दाखविते. ती वेस आहे हे सांगावयास माणूस लागतो. आपल्या वस्त्यांत असे जाणते वृद्ध आज आहेत, आणि ते दर वर्षी थोडे थोडे कमी होत आहेत. त्यांच्या मस्तकात जो तळाचा नकाशा आहे तो कोणत्याही दुकानात मिळत नाही. स्वस्त यंत्राचा सर्वांत मोठा उपयोग हा की तो नकाशा त्यांच्या हयातीत उतरून घेता येतो. म्हणून ज्या घरी यंत्र येईल, त्या घरच्या वडिलांस पहिल्या दिवशी होडीत बसवावे. जाकीट घालून, अर्थातच. खुणांची यादी एका वहीतही उतरून ठेवावी, कारण यंत्र बिघडते आणि चोरीसही जाते. वहीत तारीख आणि त्या दिवशीचा धरणाचा साठा टक्क्यांत लिहावा. उजनीचे पाणी उन्हाळ्यात उणे आकड्यांत उतरते हे आपण जाणता. आज दहा मीटरांवर असलेली भिंत वैशाखात होडीच्या तळास लागू शकते.

आणखी एक शब्द बोलून संपवितो. यंत्राने मासा शोधता येतो, मासा वाढविता येत नाही. जलाशयात सोडलेली बोटुकली मोठी व्हावयास अवकाश द्यावा लागतो. पाणी ओसरल्यावर जे थोडे खोल डोह उरतात, त्यांत मासळी गोळा होते, आणि त्या डोहांचा ठाव यंत्र सर्वांत चटकन सांगते. तेथे बारीक आसाचे जाळे टाकून सारे उपसून नेणे सोपे आहे. परंतु पुढील वर्षाची मासळी त्याच डोहांत जगत असते. ज्या ज्ञानाने एका हंगामात घर भरते आणि दुसऱ्या हंगामात जलाशय रिता होतो, ते ज्ञान आपल्या पूर्वजांनी कधी मानले नाही. यंत्र भागीत घेणाऱ्यांनी हा नेमही भागीतच घ्यावा, अशी आमची हात जोडून विनंती आहे.

मंडळास आमची एक सूचना आहे. पुढील मेळाव्यास येताना प्रत्येक वाडीने आपल्या पाण्याच्या खुणांची एकेक वही आणावी, आणि मंडळाने त्या वह्यांची एक प्रत कार्यालयात जपून ठेवावी. गावे पाण्याखाली गेली, पण त्यांची नावे तरी कोरड्यावर राहतील.



जय हिंद! जय महाराष्ट्र!